पिवळ्या राजाला लाकूड

आमच्या घरातली मोठी कढई आमच्या घरात क्वचितच असायची. ती सरोदेकाकूंकडे असे, नाहीतर त्यांच्याकडून पुढे आणखी कुणाकडे गेलेली असे, आणि चकल्या करायच्या दिवशी मला नांदेडच्या आमच्या गल्लीत दारोदार हिंडून आपलीच कढई शोधावी लागे. कढईचं तसंच खलबत्त्याचं, शिडीचं आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गाद्यांचं. आमच्या गाद्यांवर आमचे पाहुणे कमी आणि गल्लीचे जास्त झोपले असतील. आईसमोर कुणी येऊन उभं राहिलं आणि "काकू, जरा" एवढंच म्हणालं की पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती फळीकडे वळलेली असायची. मला याचा राग यायचा, पण त्याहून मोठा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. तिला स्वतःला काही मागता यायचं नाही. घरातलं मीठ संपलं तर ती अळणी वरण वाढील, बाबांचा चेहरा बघील, मला दुकानात पिटाळील, पण जिच्याकडे आमची कढई आहे त्या बाईच्या दारात वाटी घेऊन जाणार नाही. "बरं दिसत न्हाई गं," म्हणायची. काय बरं दिसत नाही, ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

अशा घरात तो खेळ आला. बाबांच्या कचेरीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता. त्याचा पंखा आमच्या कूलरपेक्षा मोठ्यानं वाजायचा, आणि दोन्ही एकदम चालू असले की घरात पिठाची गिरणी सुरू आहे असं वाटायचं. लातूरच्या मामाचा मुलगा महेश दिवाळीत आला तेव्हा त्यानं त्यावर एक खेळ टाकून दिला. प्रत्येकाला एकेक राज्य मिळायचं आणि राज्याचा एक रंग असायचा. आमचं राज्य निळं. माणसं कामाला लावून धान्य, लाकूड, दगड आणि सोनं जमवायचं, त्यातून घरं, भिंती, सैन्य उभं करायचं आणि बाकीच्या राज्यांना हरवायचं. बाकीचे राजे कॉम्प्युटरच चालवायचा. ते मधूनच निरोप पाठवत. ठण्ण करून घंटा वाजे आणि पडद्यावर ओळ येई की आम्हाला लाकूड पाठवा. पाठवायचं असेल तर एक बटण होतं. मी ते बटण कधी दाबलंच नव्हतं.

आई आधी नुसती मागे बसून बघायची. मांडीवर सूप, सुपात गहू, आणि नजर पडद्यावर. लहान लहान माणसं कुऱ्हाडी घेऊन झाडं तोडतात, मोळ्या वाहून नेतात, याचं तिला फार वाटायचं. "किती राबायलेत बिचारे. ह्यांना जेवायला कधी सोडतीस गं?" मी सांगायची की ते जेवत नाहीत. तिला ते पटायचं नाही. मग मी शाळेत गेले की दुपारी ती स्वतःच खेळायला लागली. मला आधी गंमत वाटली. शेतं तिनं इतकी छान लावली होती की मी सुद्धा लावली नसती. पण एका दुपारी शाळेतून आले तर आमचं लाकडाचं कोठार साफ रिकामं.

"आई, लाकूड कुठं गेलं?"

"त्या पिवळ्यानं मागितलं."

"आणि दिलंस? कामून दिलंस?"

"अगं, सारखी घंटा वाजवायलाय. किती बार न्हाई म्हणायचं माणसानं?"

"आई, त्यो शत्रू हाय."

"आसंल. पण त्याच्याकडं नसंल म्हणून तर मागायलाय ना."

"त्याच्याकडं हाय! आपल्यापेक्षा जास्ती हाय! त्याला नुसतं मागायलाच शिकवलंय!"

"कुणी?"

"ज्यानं खेळ बनवला त्यानं."

आईनं सुपातला एक खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "मंग त्याची चूक हाय," ती म्हणाली. "त्या पिवळ्याचा काय दोष?"

पुढच्या रविवारी पिवळा राजा आमच्यावर चालून आला. दगड फेकणारी मोठमोठी लाकडी यंत्रं त्यानं आणली होती, आणि ती आमच्या भिंतीवर, आईच्या शेतांवर, त्या मोळ्या वाहणाऱ्या माणसांवर दगड टाकत सुटली. मी घामाघूम होऊन सैन्य इकडून तिकडे पळवत होते. आई मागून वाकून बघत होती. "ही आपल्याच लाकडाची हायत का गं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं थोडा वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "चांगली मजबूत केल्यात पण." मी माऊस आपटला आणि उठले.

मग मी तिला व्यापार शिकवायला घेतला. द्यायचं तर बदल्यात काहीतरी घे, एवढी साधी गोष्ट. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी लाल राजाला लाकडाचा डोंगर देऊन मूठभर धान्य घेतलं, कारण "त्याच्याकडं तरी कुठं उरलंय". त्या खेळातला बाजार तर विचारूच नका. धान्य विकत गेलं की भाव घसरायचा आणि घसरतच जायचा, आणि कुणाला काही पाठवलं तर त्यातला चांगला मोठा हिस्सा वाटेतच कराच्या नावाखाली गायब व्हायचा. आईला हे समजल्यावर ती खेळ बनवणाऱ्यावरच चिडली. "आपण आपलं देणार, त्यो आपला घेणार, हा मधी कोण?"

आज माझा मुलगा असेच खेळ खेळतो आणि मी त्याच्या मागे बसते. माझी चाळिशी उलटून गेली, चष्मा लागला, खेळातली झाडं आता वाऱ्यावर हलतात, नदीत मासे दिसतात, आणि देण्याघेण्याची व्यवस्था मात्र तशीच्या तशी अडाणी आहे. सोबतीच्या कोठारात काय आहे ते दिसत नाही. त्याला कशाची गरज आहे ते विचारायची सोय नाही. मागायचं बटण आहे, द्यायचं बटण आहे, पण "तुझ्याकडे जास्तीचं काय आहे?" एवढं विचारायचं बटण ठेवायला या लोकांना काय होतं? आणि जो सतत मागतो आणि कधीच देत नाही त्याचं नाव कुठेतरी खराब व्हायला नको का? गल्लीत होतं की. खेळातला राजा मात्र दहादा घेऊन अकराव्यांदा त्याच कोऱ्या चेहऱ्यानं घंटा वाजवतो. मी हे बोलायला लागले की मुलगा कानाला ते मोठे हेडफोन लावतो. असो.

दहावीची परीक्षा झाली आणि मी अकरावीला लातूरला शिकायचं ठरलं. तिथले सुट्टीतले वर्ग लगेचच सुरू व्हायचे होते. राहायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. आईच्या मनात मामाचं घर होतं. दिगंबरमामा तिचा पाठचा भाऊ, आणि त्याच्या घरी तिनं आजवर काय पाठवलं नसेल? दर उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी, पापड, कुरडया, महेशच्या लहानपणी झबली, दुपटी. तेव्हा तिनं एक शब्द टाकला असता तर काम झालं असतं. आम्ही मे महिन्यात बरणी मांडीवर धरून एसटीनं लातूरला गेलो ते तो शब्द टाकायलाच.

मामीचं घर म्हणजे आमच्या घराच्या अगदी उलट. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी. न्हाणीत पाण्याच्या टाक्या ओळीनं, प्रत्येकीवर झाकण, आणि कुठल्या टाकीतलं पाणी कशाला वापरायचं ते ठरलेलं. लातूरला नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी यायचं, आणि येण्याआधी नळ नुसती हवा टाकत फुसफुसायचा. तो आवाज आला की मामी हातातलं काम टाकून धावायची. सकाळी भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला, दुपारी भाकरी आणि आंबट वरण, संध्याकाळी धपाटे. मामी वाढताना कुणाला किती लागतं ते नेमकं जाणून वाढायची आणि ताटात टाकलेलं तिला खपायचं नाही. मला ती कडक वाटायची. आईला बहुधा तिची भीती वाटत असावी, कारण आम्ही पोचलो त्या दिवसापासून आई नुसती राबत होती. भांडी घासत होती, चादरी धूत होती, मामीच्या डब्यातली डाळ निवडत होती, आणि विचारायचं तेवढं सोडून सगळं करत होती.

"विचारलंस का?" मी तिला न्हाणीपाशी गाठायची.

"विचारते गं. आज तिचं डोकं दुखायलंय."

दुसऱ्या दिवशी मामाला काम होतं. तिसऱ्या दिवशी मामीकडे कुणीतरी आलं होतं. "किती सबर करायची?" मी म्हणायची, आणि आई माझ्या खांद्यावर ओला टॉवेल टाकून वाळत घालायला पाठवायची.

महेशनं घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. भिंतीकडे तोंड करून दोन मशिनी एका बाजूला, दोन समोरच्या बाजूला, सगळ्या वायरीनं जोडलेल्या. रविवारी क्लास बंद, म्हणून रविवारी खेळ. मी आणि महेश एका संघात, आणि विरुद्ध संघात मुखेडहून बारावीसाठी येऊन शेजारच्या खोलीत राहिलेला बालाजी आणि त्याचा जोडीदार. त्या रविवारी जोडीदार गावाकडे गेला होता. बालाजी एकटा पडला. "आत्या, तुम्ही बसा ना," महेश आईला म्हणाला. आई "मला कुठं येतंय बाबा" म्हणाली आणि पदराला हात पुसत लगेच बसली सुद्धा. मी मनातल्या मनात हसले. मला पक्कं ठाऊक होतं की आता बालाजीचं काही खरं नाही.

मी आणि महेशनं आधीच करार केला होता. एवढ्या लाकडाला एवढा दगड, वाटेतला कर निम्मा निम्मा. ऐकायला अगदी चोख. पण खेळ सुरू झाल्यावर मला दगड लागला तेव्हा महेश म्हणाला, आधी लाकूड पाठव. मी म्हटलं, तू दगड पाठव, लाकूड निघालंच आहे. तो म्हणाला, मागच्या वेळी तू कमी पाठवलंस. मी म्हटलं, कमी नाही पाठवलं, कर कापला गेला. तो म्हणाला, करासकट ठरलं होतं. माझी पाठ त्याच्या पाठीला होती. त्याच्याकडे खरंच किती आहे ते मला दिसत नव्हतं आणि माझ्याकडे किती आहे ते त्याला दिसत नव्हतं. आम्ही दोघंही दुसरा लपवतोय असं धरून चाललो होतो, आणि दोघांचंही बरोबर होतं.

पलीकडून बालाजीचा आवाज ऐकू येत होता. "मावशी, तुमच्याकडं जास्तीचं काय हाय?"

"धान्य लई हाय बाबा."

"मंग ते द्या. मी दगड पाठवतो, तुमची भिंत बांधून घ्या."

"आरं, मी कुठं मागितला दगड?"

"मागायचं कशाला मावशी? दिसायलंय की. तुम्हाला भिंतच न्हाई."

मग आईच्या कीबोर्डचा टकटक आवाज आला. पुढचं सांगण्यासारखं फार नाही. आईच्या शेतांवर बालाजीचं सैन्य पोसलं गेलं आणि बालाजीच्या दगडावर आईचं गाव उभं राहिलं, आणि आम्ही इकडे निम्म्या निम्म्या करावर भांडत असताना माझ्या वेशीत हत्ती शिरले. माझी माणसं उपाशी होती, कारण धान्याचा सौदा अजून अडकलेला होता. मी महेशला ओरडून म्हटलं, काहीतरी पाठव. तो म्हणाला, आधीचा हिशेब? तेवढ्यात ठण्ण करून घंटा वाजली आणि माझ्या कोठारात धान्य आलं. भरपूर. मला वाटलं महेशला अक्कल आली. पण पाठवणाऱ्याचा रंग बघितला तर तो आईचा होता.

"आई, हे काय?"

"अगं, बालाजी म्हणाला तुझ्याकडचं धान्य संपलं असंल," ती माझ्याकडे न वळताच म्हणाली. "खायला तर घाल त्यांना."

"तुझेच हत्ती माझं गाव तुडवायलेत!"

"त्ये बालाजीचे हायत."

तिथे माझा तोल गेला. मी खुर्ची मागे सारून उभी राहिले. "मला नको तुझं धान्य! जिथं देऊ नये तिथं देत सुटतीस आणि जिथं मागायचंय तिथं तोंड उघडत न्हाईस! मामीला विचार की मला ठेवून घेत्यात का! त्याच्यासाठीच आलोत ना आपण? त्याच्यासाठीच आणली ना ती बरणी?"

आईनं माऊस सोडला होता आणि ती कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत होती. बालाजी पडद्यात डोकं घालून बसला. दारात मामी उभी होती, हातात धपाट्यांचं ताट.

"काय विचारायचं होतं, आक्का?" मामी म्हणाली.

"काही न्हाई गं शोभा. पोरगी हाय, बोलती."

"मला राहायचंय इथं," मी म्हटलं. "दोन वर्षं. अकरावी-बारावी."

मामीनं ताट टेबलावर ठेवलं. एक धपाटा बालाजीच्या हातात दिला, एक महेशच्या, आणि मग माझी रिकामी खुर्ची आईसमोर ओढून बसली. "मला वाटलं, आमचं घर लहान हाय म्हणून तुम्ही हॉस्टेल बघायलाव," ती म्हणाली. "ह्यांनी दोनदा विचारायला सांगितलं मला. मी म्हटलं, आक्कांच्या मनात असतं तर त्या बोलल्या असत्या." मग माझ्याकडे वळली. "राहा. पण सांगून ठेवते. पाण्याच्या दिवशी पहाटे उठायचं आणि टाक्या भरायच्या. आमच्या धाकट्या स्वातीचं गणित बघायचं. ताटात टाकायचं न्हाई. आणि माझं तोंड वाजतं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं न्हाई. जमंल का?"

मी जमेल म्हटलं. इतका सरळ सौदा मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

"आणि आक्का, बोलणं निघालंच हाय तर," मामीनं पदर सारखा केला, "ती बरणी पाठवत जाऊ नका. आमच्यात कुणी खात न्हाई. ह्यांना तिखट चालत न्हाई, पोरं शिवत न्हाईत."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. कैऱ्या निवडून आणणं, फोडी उन्हात घालणं, मोहरी फेसणं, एसटीत मांडीवर बरणी धरून बसणं, दर उन्हाळा. "मंग इतकी वर्षं काय केलंस त्याचं?" तिनं हळूच विचारलं.

"गल्लीत वाटते. शेजाऱ्यांना लई आवडतं."

"आणि तुला काय आवडतं?"

मामी जराशी अडखळली. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. "तुमच्या हातच्या शेवया," ती म्हणाली. "बारीक. एकदा आणल्या होत्या तुम्ही, महेश झाला तवा. मला तशा जमत न्हाईत."

आई रडली नाही, रागावलीही नाही. ती उठली, मामीच्या स्वयंपाकघरात गेली आणि कणीक कुठल्या डब्यात आहे ते शोधायला लागली. शेवया कणकेच्या नसतात, रव्याच्या असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ती पुष्कळ वेळ एकेक डबा उघडत होती. मग मामी आत गेली. मी बाहेरूनच त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकत राहिले. शब्द कळत नव्हते, पण बराच वेळ मामीच बोलत होती आणि आई "हाव, हाव" म्हणत हुंकार देत होती. महेश मात्र अजून हिशेबावरच अडून होता. त्याचं म्हणणं होतं की शत्रूकडून आलेलं धान्य करारात धरता येत नाही, म्हणून मी त्याला लाकूड देणं लागते. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आई नांदेडला परत निघाली त्या सकाळी पिशवी भरून झाली, मामानं बोलावलेली रिक्षा दारात आली, तरी ती अंगणातच घुटमळत होती. मामी म्हणाली, "काय राहिलं का, आक्का?" आई न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या कढीपत्त्याच्या झाडाकडे बघत होती. त्याच्या बुडाशी लहान लहान रोपं फुटली होती. तिचा चेहरा लाल झाला. "ह्यातलं एखादं," ती म्हणाली, "म्हंजे, जास्तीचं असंल तर. मला पाहिजे होतं."

मामीनं खुरपं आणलं, मुळाशी भरपूर माती ठेवून एक रोप उकरलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आईच्या हातात दिलं. बसस्टँडवर मी आणि मामी खाली उभ्या होतो. आईला खिडकीची जागा मिळाली होती, आणि ते रोप तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरलं होतं. शेजारच्या बाईनं पिशवी टेकवायला बघितलं तर तिनं ती चक्क सरकवायला लावली. गाडी हलली. मी हात हलवला. तिनं मला हात करावा म्हणून एक हात सोडवला, पण रोप कलंडायला लागलं तसा लगेच परत घेतला, आणि मग नुसती मान हलवत राहिली. मला तिचा तेव्हाही रागच आला.